त्रिरश्मीच्या पायथ्याची जमीन

पावसाळा सरला की नाशिकची बौद्ध कुटुंबे शिदोरी बांधून त्रिरश्मी डोंगरावर जातात. आम्हीही जातो. (लोक अजूनही पांडवलेणी म्हणतात. तिथे पांडवांचे काही नाही. 24 लेणी आहेत ती बौद्ध भिक्खूंची, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासूनची.) वर पोहोचून मागे वळून पाहिले की खाली मुंबई-आग्रा महामार्ग, पलीकडे सिडकोची घरे, अंबडचे कारखाने आणि पाथर्डीकडे उभ्या राहिलेल्या इमारती दिसतात. आमच्या लहानपणी तिकडे भाजीपाल्याचे मळे होते.

1982 साली महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर, नाशिकरोड, देवळालीबरोबर पाथर्डी, मखमलाबाद, आडगाव अशी कितीतरी खेडी शहरात आली. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती पंधरा लाखांच्या घरात गेली. खेड्याचे शहर झाले, पण गावठाणातला राजवाडा बहुतेक ठिकाणी होता तिथेच राहिला. चार बाजूंनी रो-हाऊस आणि मधे आपली समाजमंदिरासमोरची अरुंद गल्ली, असे चित्र आहे.

गंगापूर रस्त्याने शहर ओलांडले की गोवर्धन लागते. लेण्यांतील शिलालेखांत 'गोवधन' हे नाव येते आणि तिथे राजाचा अमात्य बसत असे. आज तिथे द्राक्षमळे आहेत, दारूचा नामांकित कारखाना आहे, रविवारी मोटारींची रांग लागते. पाचवे शील घेतलेल्या माणसाने रस्त्यावरून पुढे जावे, एवढेच आम्ही म्हणतो.

मुलांना आम्ही हे शिलालेख आवर्जून दाखवतो, कारण त्यात जमिनीचा व्यवहार लिहिला आहे. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात सांगतो की, आपण शहराच्या वायव्य सीमेवरचे शेत एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना विकत घेतले आणि भिक्खूंच्या अन्नासाठी दिले. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा हुकूम आहे. भिक्खूंना कखडी गावात पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, म्हणून शहराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून 100 निवर्तने द्यावीत. शिवाय राजाच्या माणसांनी त्यात शिरू नये, हात लावू नये. ओसाड शेत देऊन दान केल्याचे समाधान मानणारा तो राजा नव्हता. शहरालगतच्या जमिनीचे मोल तेव्हाही ठाऊक होते.

आमच्या वाट्याला आलेल्या जमिनीची कथा वेगळी. महारवतनाच्या तुकड्यासाठी वाडवडिलांनी गावाची रात्रंदिवस वेठ केली. हे वतन म्हणजे गुलामी, हे ओळखून पूज्य बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. 1958 च्या कायद्याने अखेर कनिष्ठ वतने खालसा झाली आणि जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' असे लिहिले जाते ते यामुळे. परवानगी व नजराण्याविना अशी जमीन बिगरशेतीकडे नेता येत नाही. परवानगीविना विकली तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

ही अट आपल्या रक्षणासाठी होती. दलालाने तिचाच बागुलबुवा केला. 'वतनाची जमीन, हिला कोण विचारतो?' म्हणत तो येतो, थोडा इसार हातावर ठेवतो, मुखत्यारपत्रावर सह्या घेतो. मग परवानगी तोच काढतो, नजराणा तोच भरतो आणि एकराने घेतलेली जमीन गुंठ्याने विकतो. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांच्या जमिनीसाठी हजारोंना तुरुंगात नेले, ते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, म्हणजे याच जिल्ह्याचे. त्या जिल्ह्यात हाती असलेली जमीन चहाच्या कपावर जावी याचा आम्हाला संताप येतो.

महामार्गालगतच्या एका गावी आम्ही गेलो तेव्हा एका आजींनी पत्र्याच्या पेटीतून सातबारा काढून पुढे ठेवला. आम्ही पडलो कारकून, कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. दोन एकरांवर अकरा नावे होती. त्यांत सिन्नरला आणि निफाडला दिलेल्या दोन लेकींचीही. थोरला मुलगा म्हणाला, "दलाल म्हणतो, बहिणींच्या सह्यांचं मी बघून घेतो."

आजींनी कागद घडी करून पुन्हा पेटीत ठेवला. "भाऊ, तो काय बघून घेईल? पोरी येतील, इथं बसतील, ऐकतील. मग बघू," त्या म्हणाल्या आणि पेटीची किल्ली कनवटीला खोचून चुलीकडे वळल्या.