ताडकळसची गुदडी आणि तीन चौरस

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात ताडकळस हे बाजारपेठेचे गाव आहे. चहूबाजूंनी काळी जमीन, त्यात कापूस, सोयाबीन आणि तूर. पर्यटनाच्या पुस्तकात हे नाव सापडायचे नाही. नात्यातल्या एका घरी दोन दिवस मुक्कामाला म्हणून आम्ही तिथे गेलो, आणि जे पाहून आलो ते गच्चीवर उन्हात वाळत घातलेले होते.

ती एक गुदडी होती. मराठीत गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तीच. जवळ गेल्यावर कळले की तिचा वरचा सगळा पदर त्रिकोणांचा आहे. दोन त्रिकोण जोडून एक चौकोन, चार चौकोन जोडून एक फिरकी, आणि कडेने करवतीच्या दातांसारखी रांग. विदर्भातल्या करवतकाठी साडीच्या काठावर असते, अगदी तशी. रंग मात्र हाती आले तसे: कुणाच्या सलवारीचा हिरवा, कुणाच्या शर्टाच्या चौकडी, जुन्या लुंगीचा निळा.

गुदडी शिवणाऱ्या दादी घरातच होत्या. आम्ही मोबाइल काढला तसा त्यांनी पदर पुढे ओढला आणि हसून म्हणाल्या, "मेरा नक्को बेटा, गुदडी का निकालो."

त्रिकोणच का, असे आम्ही विचारले. उत्तर साधे होते. शिंप्याकडून येणारी कात्रणे सरळ नसतात. सलवारीच्या कळ्या, बाह्या, गळे कापले की तिरक्या कडांचे तुकडे उरतात. त्यांचा चौकोन करायचा तर बरेच कापड वाया जाते. त्रिकोण करायचा तर फारच थोडे. इस्राफ टाळण्याची शिकवण आपण व्याख्यानांत ऐकतो. हजरत मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः शिवत, हेही आपल्याला ठाऊक आहे. दादींच्या हातात ही शिकवण कात्री होऊन आली होती.

पण त्रिकोणात एक अडचण असते. चौरस तुकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला की त्रिकोणाच्या दोन आखूड कडा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यावर राहतात. लांब कड मात्र उरेब होते. उरेब कड ओढली की ताणते आणि शिवण वाकडी जाते. म्हणून दादी लांब कडा एकमेकींना जोडून आत घेतात आणि सरळ धाग्याच्या कडा बाहेर ठेवतात. चौकोन मग हलत नाही. आत जुन्या सुती साड्यांचे थर घालायचे, सगळे जमिनीवर पसरायचे, कोपऱ्यांवर वजने ठेवायची आणि कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत जायचे. उन्हाळ्यात शेतीची कामे आटोपल्यावर हे काम निघते.

घरात नववीतली नात होती. भूमितीचा विषय निघताच ती म्हणाली, "ते मला जमत नाही. दहावी झाली की गणित सोडणार." घरातल्या कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. आपल्या किती घरांत मुली हे वाक्य असेच सहज बोलतात आणि आपण ते तितक्याच सहज ऐकून घेतो! आम्हाला मात्र तेव्हा अबुल वफा आठवले.

अबुल वफा अल-बुझजानी यांचा जन्म इ.स. ९४० मध्ये खुरासानातल्या बुझजान इथला. बगदादमध्ये राहून त्यांनी गणित आणि खगोलशास्त्रात मोठे काम केले. कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. कारागीर आणि भूमितीचे पंडित एकत्र जमले असताना निघालेला एक प्रश्न त्यात येतो: तीन सारखे चौरस कापून त्यांचा एकच मोठा चौरस कसा करावा? कारागिरांच्या रीती डोळ्यांना बरोबर दिसत, पण सिद्धतेत टिकत नसत. पंडितांना सिद्धता येई, पण तुकडे कसे कापावेत ते सांगता येत नसे. अबुल वफांनी दोघांच्याही उपयोगाचा मार्ग दाखवला.

आम्ही नातीकडून वहीच्या कागदाचे तीन चौरस कापून घेतले. दोन चौरस कर्णावर कापले, चार त्रिकोण झाले. तिसरा चौरस मधे ठेवला. त्याच्या प्रत्येक बाजूला एकेका त्रिकोणाची लांब कड टेकवली, तिचे एक टोक चौरसाच्या कोपऱ्यावर. दुसरे टोक पुढच्या कोपऱ्याबाहेर डोकावले. चारही त्रिकोण एकाच दिशेने फिरते ठेवले. मग त्यांचे काटकोनाचे चार कोपरे रेघांनी जोडले. रेघेबाहेर राहिलेले चार चिंचोळे तुकडे कापून आतल्या चार मोकळ्या जागांत ठेवले. नेमके बसले! एक मोठा चौरस तयार झाला.

दादी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, कागदावर ठीक आहे, कापडावर हे उणे पडेल. प्रत्येक शिवणीत थोडे कापड जाते, ते आधीच धरावे लागते. नातीने वही ओढली आणि किती शिवणी, किती कापड, असा हिशेब मांडायला बसली. कोणत्या कडेला किती वाढवायचे यावरून दोघींचे चांगलेच वाजले. आम्ही गप्प राहिलो.

हा वारसा इथे-तिथे विखुरलेला आहे. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात दिलरस बानू बेगम यांच्या कबरीभोवती संगमरवरी जाळीचे अष्टकोनी कुंपण आहे. एका चौरसावर दुसरा तिरका ठेवला की आठ टोकांचा तारा होतो आणि मधे अष्टकोन मिळतो, इतकी ती आकृती आपल्या चौकोनाच्या जवळची. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्यात मुस्लिमही आहेत, हिंदू आणि ख्रिस्तीही. त्यांच्या बायका गोधडीच्या कोपऱ्यांवर चौकोनी कापड दुमडून त्रिकोणी 'फुला' शिवतात. फुला नसलेली गोधडी त्यांना उघडी वाटते.

मकबऱ्याची जाळी दगडाची आहे, ती राहील. गुदडी धुऊन धुऊन विरते, आणि बाजारात तयार ब्लँकेट स्वस्त मिळते. म्हणून घरातल्या गुदड्यांचे फोटो तरी काढून ठेवावेत. गुदडी जमिनीवर सरळ पसरा, बाजेवर उभे राहून बरोबर वरून फोटो घ्या, म्हणजे चौकोन तिरके दिसत नाहीत. दुसरा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात जवळून घ्या. धावदोऱ्याचा टाका न् टाका उठून दिसतो. कोणता तुकडा कुणाच्या कपड्याचा, तेही दादी-नानीला विचारून लिहून घ्या.

आणि हे काम घरातल्या त्या मुलीकडेच द्या, जिला गणित जमत नाही असे सगळ्यांनी ठरवून टाकले आहे.