नाताळचं जेवण आणि एक रिकामी खुर्ची

लग्नानंतर वसईच्या सासरी माझा पहिला नाताळ. जेवायला सोळा माणसं होती. सोरपोतेल, इंद्याल, पुलाव, टोपलीभर फुगे... टेबलावर जागा उरली नव्हती. सगळे पोटभर जेवले. फक्त एक खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली, ती सासूबाईंची. त्या गॅसपाशी उभ्या राहून गरमगरम फुगे तळत होत्या. पाहुणे उठले तेव्हा तीन वाजून गेले होते. आईंच्या वाट्याला आला गार पुलाव आणि पातेल्याच्या तळाशी उरलेला रस.

"आई, तुम्ही आमच्याबरोबर का नाही बसलात?" मी विचारलं.

"अगं, फुगे गरम नकोत का? मी कधीच बसले नाही," त्या हसून म्हणाल्या.

तेव्हा आठवलं, माहेरी माझी आईही हेच करायची. पण तिची रिकामी खुर्ची मला कधी दिसलीच नव्हती!

पुढे आईंचे गुडघे दुखू लागले आणि नाताळचं जेवण माझ्याकडे आलं. उभं राहण्याची पाळी आता माझी होती. मी एक वही घेतली, सगळे पदार्थ लिहिले आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न मांडला : हे आधी करून ठेवता येईल का?

उत्तरं पाहून मलाच नवल वाटलं. मसाला तर उन्हाळ्यातच कुटून बाटल्यांत भरलेला असतो. केकचे मनुके, बेदाणे नोव्हेंबरमध्येच रममध्ये भिजत घालता येतात आणि केक आठवडाभर आधी भाजता येतो. नेवऱ्याही तेव्हाच होतात. सोरपोतेल आणि इंद्याल तेवीस तारखेला करून फ्रीजमध्ये ठेवले, तर पंचवीस तारखेला जास्तच मुरलेले लागतात. वाढण्याआधी खळखळून उकळी आणली की झालं. नाताळच्या सकाळी उरतात पुलाव, कोशिंबीर आणि फुगे.

आईंना मात्र हे पटेना. "परवाचं पाहुण्यांना वाढायचं?"

मी म्हटलं, "आई, व्हिनेगर-लसणात मांस मुरवायची पद्धत पोर्तुगिजांची. १५३४ पासून १७३९ पर्यंत ते वसईत होते. मांस टिकावं म्हणूनच ती वापरायचे. हा पदार्थच मुळी आधी करून ठेवायचा!"

त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि फुगेही लवकर तळून ठेवलेस, तर माझं काम काय उरलं?"

मी चपापले. त्यांना सुख द्यायच्या नादात मी त्यांचा मानच काढून घेत होते.

म्हणून वहीत एक ओळ वाढवली : फुगे अकरा वाजता, आईंच्या देखरेखीखाली.

चोवीसच्या रात्री आम्ही सगळे निवांतपणे मिस्साला गेलो. सकाळी उठल्याबरोबर मी मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्ट घालून पीठ भिजवलं. ते फुगून आल्यावर आई खुर्ची टाकून गॅसपाशी बसल्या आणि हे व माझा मुलगा कढईपुढे उभे राहिले. मूठभर पीठ घेऊन अंगठ्याशेजारून गोळा कसा सोडायचा, ते त्या शिकवत होत्या. "मूठ आवळ! बोटं पाण्यात बुडव आधी!" पहिल्या फुग्यांना उंदरासारख्या शेपट्या आल्या. गडबडीत माझा पुलावही खाली थोडा लागला. पण साडेबारापर्यंत टोपली भरली. वर जाड फडकं टाकलं आणि गॅस बंद केला.

एक वाजता सोळाच्या सोळा खुर्च्या भरल्या. फुगे वाफाळते नव्हते, कोमट होते. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी नाताळ असो, ईद असो की दिवाळी, पदार्थांची यादी करताना स्वयंपाक करणारीचं पानही त्यात जरूर धरा. वाटल्यास एक पदार्थ कमी करा. आणि जिचं काम हलकं करायचं, तिला आधी विचारा. हे मला उशिराच सुचलं.

आईंनी फुगा मोडून इंद्यालात बुडवला. दोन घास सावकाश खाल्ले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतकी वर्षं केलं गं, पण आपलं इंद्याल असं लागतं, हे आज कळलं."