दप्तरातील शोधाचे शास्त्र

दप्तर नीट लावून ठेवणे ही एक विद्या आहे आणि त्या दप्तरातून हवा तो कागद हव्या त्या क्षणी काढून देणे ही दुसरी. पहिलीचे महत्त्व सर्वांस मान्य असते, दुसरीची आठवण मात्र काम अडल्यावरच होते. डेटाबेसला विचारलेल्या क्वेरीचे उत्तर विलंबाशिवाय कसे मिळवावे, हा या दुसऱ्या विद्येचा आजचा अवतार असून तिचेच अध्यापन मी ब्रह्मपुरीतील राहत्या घरातून, इंटरनेटवर थेट वर्ग भरवून करीत असतो. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांतील अनुभवी अभियंते आणि नागभीड-आरमोरीकडील नुकतेच पदवीधर झालेले तरुण या वर्गात शेजारी शेजारी बसतात, आणि दोघांच्याही अडचणी बहुधा एकाच मुळाशी जाऊन पोहोचतात.

ते मूळ समजावताना मला तलाठ्याच्या दप्तराइतका उत्तम दाखला दुसरा आढळलेला नाही. गाव नमुना सात हा भूमापन क्रमांकाच्या क्रमाने चालतो, तर आठ-अ खातेदाराच्या नावे. जमीन तीच आणि हक्कही तेच, परंतु क्रमांक घेऊन येणाऱ्यास पहिला नमुना तत्काळ उत्तर देतो आणि केवळ खातेदाराचे नाव घेऊन येणाऱ्यास, दुसरा नमुना नसता, तर सारे गाव पानापानाने चाळावे लागले असते. इंडेक्स म्हणजे अशीच दुसऱ्या क्रमाने ठेवलेली नोंदवही होय. मात्र तिची किंमतही तलाठ्यास ठाऊक असते : प्रत्येक मंजूर फेरफाराचा अंमल दोन्हीकडे द्यावा लागतो. म्हणून दिसेल त्या स्तंभावर इंडेक्स घालणारा मनुष्य शोध जलद करताना नोंदणी मंद करीत असतो. इंडेक्सच्या एका पानात 300 किल्ल्या मावतात असे धरले, तर अवघ्या तीन पायऱ्यांत 2 कोटी 70 लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते, हे त्याचे सामर्थ्य; आणि टेबलातील बहुतेक साऱ्या नोंदी हव्या असतील तेव्हा सरळ सगळे टेबल वाचणेच स्वस्त पडते, ही त्याची मर्यादा.

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 साली संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली, तत्पूर्वी माहितीपर्यंत जाण्याची वाट प्रोग्रामरलाच आखावी लागत असे. विचारणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगावे, कसे आणावे हे यंत्रणेने ठरवावे, असा हा नवा करार होता. तो निभावण्याची रीत त्याच प्रयोगशाळेतील पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली प्रसिद्ध केली : प्रत्येक टप्प्यावर किती नोंदी हाती येतील याचे अनुमान करावयाचे, त्यावरून प्रत्येक वाटेचा खर्च काढावयाचा आणि सर्वांत स्वस्त वाट निवडावयाची. अशी वाट निवडणारे आजचे बहुतेक ऑप्टिमायझर याच मार्गाने चालतात. आणि म्हणूनच क्वेरी मंदावण्याचे कारण पुष्कळदा यंत्राच्या शक्तीत नसून अनुमानाच्या चुकीत असते.

ही चूक कशी उद्भवते हे आमच्या झाडीपट्टीच्या उदाहरणावरून चांगले कळते. समजा, राज्यातील पिकांच्या 1 कोटी नोंदींचे एक टेबल आहे; त्यांतील 1 टक्का नोंदी ब्रह्मपुरी तालुक्याच्या आणि सगळ्या राज्यात मिळून 5 टक्के नोंदी धानाच्या. या तालुक्यातील धानाच्या नोंदी मागितल्या, की दोन्ही अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरून ऑप्टिमायझर सरळ गुणाकार करतो आणि 5,000 नोंदींचे अनुमान बांधतो. वैनगंगेच्या या खोऱ्यात धान हेच प्रमुख पीक, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. ऑप्टिमायझरला ते कोणी सांगितलेले नसते. प्रत्यक्षात 90,000 नोंदी निघाल्या, तर अनुमान अठरापट चुकले. थोड्या नोंदींसाठी योग्य असलेली, एकेक नोंद घेऊन दुसऱ्या टेबलात शोध करण्याची वाट निवडली गेली, आणि टेबले जोडणाऱ्या पुढच्या प्रत्येक जॉइनमध्ये ती चूक वाढत गेली. अशा परस्परसंबद्ध स्तंभांची एकत्र आकडेवारी ठेवण्याची सोय पोस्टग्रेस या डेटाबेसने 2017 साली दहाव्या आवृत्तीत दिली. परंतु कोणते स्तंभ संबद्ध आहेत हे ओळखणे, अर्थात विषयाचे ज्ञान, मनुष्यानेच पुरवावयाचे असते.

याकरिता माझ्या वर्गाचा पहिला दंडक असा, की क्वेरीचा प्लॅन, म्हणजे ऑप्टिमायझरने निवडलेली वाट, उघडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मते किती नोंदी येतील हे सांगितलेच पाहिजे. त्यानंतर एक्सप्लेन अॅनलाइझ चालवावयाचे आणि अनुमानित व प्रत्यक्ष आकडे सर्वांत आतल्या पायरीपासून ताडून पाहत जेथे ते प्रथम फारकत घेतात तेथे थांबावयाचे. ही आज्ञा क्वेरी खरोखरच चालविते, त्यामुळे नोंदी बदलणारी क्वेरी असेल तर ती ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून रोलबॅक करण्याची सक्त ताकीद देतो. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानाने हे साधत नाही, कारण एकच क्वेरी दोन विद्यार्थ्यांच्या यंत्रांवर आकडेवारी आणि स्मृतीची मर्यादा यांच्या भेदामुळे दोन निराळ्या वाटांनी जाते, आणि पहिल्या खेपेस मंद असलेली क्वेरी, पाने स्मृतीत आल्यामुळे, दुसऱ्या खेपेस वेगवान होऊन सुधारणेचा आभास निर्माण करते. हे भेद एकाच वेळी समोर येतात आणि त्यांची कारणे विचारली जातात, तेव्हाच विद्या अंगी मुरते. पावसाळ्यात आमच्याकडे नेटवर्क क्षीण होते. परंतु प्लॅन हा काही ओळींचा मजकूर असल्याने कॅमेरे बंद ठेवूनही वर्ग अव्याहत चालतो. धानाची कापणी आणि चुरणे ऐन भरात असताना शेतकरी घरातील विद्यार्थ्यांसाठी वर्गाची वेळ रात्री उशिरा ठेवतो.

महाराष्ट्राने या शास्त्रात केवळ अनुयायित्व पत्करले असे नव्हे. डेटाबेसच्या सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या तीन लेखकांपैकी एक असलेले प्रा. एस. सुदर्शन हे पवईच्या आयआयटीचे. त्यांनी आणि रवींद्र गुरवण्णवर यांनी 2008 साली, लूपमध्ये पुनःपुन्हा विचारली जाणारी क्वेरी एकत्रित समूहात कशी बदलावी, याची रीत दाखवून दिली. तेथेच संशोधन केलेले कार्तिक रामचंद्र आणि त्यांचे सहकारी यांचे तत्सदृश कार्य पुढे मायक्रोसॉफ्टच्या 2019 च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये समाविष्ट झाले. एकेका नोंदीसाठी डेटाबेसकडे स्वतंत्र फेरी मारणारा प्रोग्राम हा माझ्या वर्गात नित्य येणारा रोगी आहे, आणि त्याच्या चिकित्सेचा एक महत्त्वाचा पाठ पवईत लिहिला गेला, हे मी प्रत्येक तुकडीस आवर्जून सांगतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या अध्यापकांस माझी एवढीच विनंती आहे, की क्वेरी लिहिता येणे हा अभ्यासक्रमाचा शेवट मानू नये. पोस्टग्रेस विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावरही चालते. त्यात काही लाख नोंदींचे एक टेबल भरावे, आणि क्वेरीचे उत्तर बरोबर आले एवढ्यावर गुण न देता तिचा प्लॅन वाचून दाखविण्यासही गुण ठेवावेत. ज्या विद्यार्थ्यास अनुमान कोठे चुकले हे दाखविता येते, त्याला या क्षेत्रातील सन्मानाचे काम ब्रह्मपुरीत राहूनही मिळू शकते.