मिहान : शहराच्या नियमांत आपले झाड कुठे बसते?

विदर्भातल्या पुष्कळ शेतकरी कुटुंबांना हल्ली कधी ना कधी मिहानची वाट धरावी लागते. कुणी आजारी माणसाला घेऊन तिथल्या एम्स रुग्णालयात जातो, तर कुणाचे लेकरू तिथे नोकरीला लागलेले असते. नागपुरात सीताबर्डीला मेट्रोत बसा आणि खापरीला उतरा. वर्धा रस्त्याच्या या अंगाला पोचलात की समोर मिहान पसरलेले दिसेल.

इथे हिरवाई दोन तऱ्हांची आहे. एक, रस्त्याकडेला ओळीने लावलेली, छाटलेली, पाणी घातलेली. दुसरी, मोकळ्या जागांवर आपसूक उगवलेली: गवत, बाभळी, बोरी, पळस. पहिलीला शहर बाग म्हणते, दुसरीला पडीक. आपण शेतकऱ्यांनी विचार करायचा तो या फरकाचा.

ही सारी जमीन मुळात शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही अशा गावांची. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि पुढे इथली वावरे प्रकल्पात गेली. वावरांबरोबर धुऱ्यावरची झाडे, गुरांच्या वाटा, नाल्याकाठची सावलीही गेली. पण गवत वाढतच राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तर या मिहानात वाघ दिसला! कचेऱ्यांच्या शेजारी वनखात्याला कॅमेरे लावावे लागले. ज्याला सगळे रिकामी जागा समजत होते, ती जनावरांच्या लेखी रिकामी नव्हती.

आता शहराचे नियम पाहू. गाव नगरपालिकेच्या वा महानगरपालिकेच्या हद्दीत गेले, की १९७५ चा नागरी झाडे संरक्षण कायदा लागू होतो. मग अंगणातला, आपल्या हाताने लावलेला कडुनिंबसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला. ते तोडायचे, तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आहे. रिकामा प्लॉट घेऊन ठेवला आणि त्यावर गाजरगवत माजले, कचरा साचला, डबके झाले, तर पालिका मालकाला नोटीस काढते. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे एक एकराच्या आसपास, म्हणजे ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते.

नियम वाईट नाहीत. पण ते मोजलेल्या हिरवाईचे आहेत. दहा टक्क्यांत बाग बसते; गुरांचा चारा, ओढ्याचा उतार आणि सशाचे गवत बसत नाही. ते वाचवायचे, तर शहर दाराशी येण्याआधी त्याची नोंद कागदावर हवी.

विदर्भात त्यासाठी जुनी सोय आहे. प्रत्येक गावाचे निस्तार पत्रक असते. चराई, सरपण, मुरूम यांसाठी सरकारी पडीक जमीन गावाने कशी वापरायची, ते त्यात लिहिलेले असते. वाजिब-उल-अर्ज या दुसऱ्या कागदात वहिवाटीच्या वाटा, पाणी घेण्याचे आणि मासेमारीचे हक्क येतात. आपल्यापैकी किती जणांनी हे कागद पाहिले आहेत?

दुसरी गोष्ट झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भात सरकारदप्तरी ही नोंद असलेल्या जमिनी गावोगाव आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीन मानाव्यात असा निकाल दिला. तेव्हा आपल्या शिवारातला कोणता गट झुडपी जंगल आहे, हे तलाठ्याकडे विचारून घ्या. ते न पाहता तिथला प्लॉट घेऊ नका.

तिसरी गोष्ट आपल्या धुऱ्यावरची. ई-पीक पाहणी करताना बांधावरची झाडेही नोंदवता येतात, ती नोंदवाच. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीवरील झाडांचे मूल्य वेगळे ठरवतात. नोंदच नसेल, तर आजोबांनी लावलेल्या आंब्याची साक्ष कोण देणार? आणि गावात आहोत म्हणून कुऱ्हाड मोकळी आहे असेही समजू नका. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ अशा झाडांना ग्रामीण भागातही १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते.

येत्या ग्रामसभेत एवढे करा. गावचा नकाशा आणि निस्तार पत्रक मागवून सर्वांसमोर वाचा. गायरान कुठे, नाला कुठे, पांदण किती रुंद, ते जागेवर जाऊन पाहा. म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्याच्या पोरांना बरोबर घ्या. नकाशात नसलेले पाणी आणि झाड त्यांनाच ठाऊक असते. ते ठरावात लिहून ठेवा. जिथे शहर अजून वीस कोस दूर आहे, तिथे हे काम एका दिवसाचे आहे. मोजणीच्या खुणा रोवल्या गेल्यावर मात्र त्याच कामाला वर्षे लागतात.