ब्रेकचे काय?

आदिलाबादच्या आमच्या जुन्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. एके काळी तीत कापसाची बैलगाडी उभी असे. पुढे ती जागा मोटारीने घेतली आणि घरातील स्त्रियांनी शेडचे नाव 'कारखाना' असे ठेवले. त्या नावात कौतुक कमी आणि उपहास अधिक होता, कारण रॉकेलची बाटली, जुनी धोतरे, पितळी परात अशा वस्तू एकदा तिकडे गेल्या की स्वयंपाकघरात परत येत नसत. छत्तीस वर्षे सरकारी फायलींवर शेरे मारणारे आम्ही, सुट्यांचे दिवस मोटारीचे इंजिन उघडून तिच्यात कंपनीने दिली त्याहून अधिक ताकद आणण्याच्या उद्योगात घालवीत होतो, हे कार्यालयात फारच थोड्यांना ठाऊक होते. आज ते लिहावेसे वाटण्यास कारण घडले आहे. ते पुढे येईलच.

गाडी प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मूळची ती इटलीची फियाट ११००. 'पद्मिनी' हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले, तरी लोक अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले. १९८६ साली आम्ही दोघा भावांनी नागपूरहून एक वापरलेली पद्मिनी आणली. निम्मे पैसे दादाच्या बोनसचे, निम्मे आमच्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या कर्जाचे. नोंदणी आमच्या नावावर झाली, कारण 'साहेब' आम्ही होतो. चालवणारा मात्र दादा. तो एका जिनिंग मिलमध्ये यंत्रांवर देखरेख करीत असे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पण यंत्राच्या आवाजावरून त्याचे दुखणे सांगण्याची विद्या त्याच्या कानात होती. आम्ही पदवीधर, आमच्याकडे रद्दीवाल्याकडून आणलेली जुनी इंग्रजी मोटार-मासिके होती. अशी ही भागीदारी.

मासिकांतून आम्हांला कळले की हा नाद आपल्या दोघांचाच नव्हे. कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिने घरीच सुधारून कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या पात्रात त्या पळवीत. कॉलिन चॅपमन याने १९४८ साली लंडनमध्ये, मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये, जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून आपली पहिली गाडी घडवली, आणि त्यातूनच पुढे लोटस कंपनी उभी राहिली. कार्लो अबार्थ याचे तर पोटच फियाटवर चालले होते. साध्या फियाट गाड्यांना जोर आणणारे सायलेन्सर विकून त्याने नाव मिळवले. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर शर्यती होत. त्यात घरगुती करामती केलेल्या गाड्या धावत असल्याची छायाचित्रे दादाने शेडच्या पत्र्याला खळीने चिकटवली होती.

मुळात कारखान्याच्या गाडीत अधिक ताकद शिल्लक राहतेच कशी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हांलाही पडला होता. उत्तर असे की कारखाना गाडी बनवतो ती सर्वांत निकृष्ट पेट्रोल, सर्वांत निष्काळजी चालक आणि सर्वांत कडक उन्हाळा गृहीत धरून. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. सिलिंडरमध्ये शिरलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण ठिणगी पडण्यापूर्वी किती दाबले जाते, यावर त्याची ताकद बरीचशी अवलंबून असते. दाब वाढवला तर ताकद वाढते. पण पेट्रोल हलके असेल तर ते ठिणगीची वाट न पाहता भलत्याच वेळी पेट घेते आणि इंजिन आतून ठोकू लागते. त्या काळचे साधे पेट्रोल बेताच्या ऑक्टेनचे, म्हणून कारखान्याने दाब कमी ठेवलेला. या राखून ठेवलेल्या जागेत शिरणे म्हणजेच आमचा 'कारखाना'.

इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, अॅल्युमिनियमचे होते. त्याचा तळ थोडा घासला की वरची पोकळी लहान होते आणि दाब वाढतो. हे काम घरी होण्यासारखे नव्हते. ते हेड गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आम्ही नागपूरच्या एसटीत बसलो. कंडक्टरने गोधडीकडे पाहून, बाळ किती महिन्यांचे, असे विचारले. वजन कळल्यावर सामानाचे तिकीट फाडले. हेड घासून आल्यावर महिनाभर दादा त्याच्या आतील वाटा गुळगुळीत करीत बसला. ओतकामातील खडबडीतपणा त्याने कानशीने आणि मग काठीला गुंडाळलेल्या पॉलिश कागदाने काढला, बोट घालून पाहिले, पुन्हा काढला. हेड आणि मॅनिफोल्ड जुळतात तेथे कडेला केसभर पायरी राहते, तीही त्याने जुळवली. व्हॉल्व्ह पावडर लावून हातानेच घासले. कार्बोरेटरचे जेट बदलले. शेवटी ठिणगीची वेळ. तिला यंत्रे असतात, पण दादाने डिस्ट्रिब्युटर सैल करून, डोळे मिटून, तो केसाकेसाने फिरवला आणि आवाज मनाजोगा येताच हाताने 'बस' अशी खूण केली. आम्ही स्क्रू आवळला. आमच्या पदवीचा त्या रात्री एवढाच उपयोग झाला.

गाडी ओळखू येईनाशी झाली. जी नव्वदच्या पुढे कुरकुरत असे, ती शंभर ओलांडूनही आणखी मागू लागली. गुडीहतनूरपर्यंत एक फेरी मारून आम्ही ती गावातल्या उस्तादांकडे दाखवायला नेली. या वृद्ध मिस्त्रीने हैदराबादेत निजामी काळातील गाड्यांवर हात बसवला होता. त्यांनी बॉनेट उघडले, बराच वेळ ऐकले, दादाच्या पाठीवर थाप मारली आणि विचारले, "ब्रेक का क्या करे?"

दादा म्हणाला, "कंपनीचेच आहेत."

"गाडी कंपनी की कहाँ रही साब," उस्ताद म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडे वळले. आम्ही दोघे हसलो. म्हाताऱ्याला दुरुस्तीचे गिऱ्हाईक हवे आहे, असे आम्ही परतताना बोललो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कायद्याचे म्हणाल, तर १९३९च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत असा फेरफार झाला की नोंदणीतील तपशील खरे राहत नाहीत, तर मालकाने ते कळवायचे होते. आमच्या नोंदणीपुस्तकातील एकही अक्षर खोटे ठरले नव्हते. सिलिंडर चार, सीसी तेवढेच, रंग तोच. कागद निर्दोष असला की प्रकरण निर्दोष, ही आमच्या खात्यातील जुनी श्रद्धा. ती आम्ही घरीही वापरली.

१९८८च्या वसंत पंचमीला दादाच्या मुलाचा अक्षराभ्यास बासरच्या सरस्वतीच्या मंदिरात करायचा ठरला. मूल तीन वर्षांचे होते. पहाटे काळोखातच निघालो. पुढे आम्ही दोघे, मागे वहिनी आणि तिच्या मांडीवर झोपलेले पोर. इच्चोडा, नेरडीगोंडा झपाट्याने मागे पडले. कापसाचे ट्रक ओलांडताना दादा शंभरच्या वर नेई आणि समोर दिवे दिसले की ब्रेक दाबी. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. आम्हीच त्याला "आणखी" म्हणत होतो.

निर्मलच्या अलीकडे महबूब घाट उतरू लागलो तेव्हा वास आला. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम बंद डब्यासारखा. आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तो तापून फुगतो, लायनर तापून निसटते होतात आणि पेडल खोल जाऊनही गाडी पकड घेत नाही. चालत्या गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० ऐवजी ११० वरून थांबायचे तर ब्रेकला जवळजवळ दुप्पट उष्णता पचवावी लागते. हे आम्ही बी.एस्सी.ला शिकलो होतो आणि त्यावर गुणही मिळवले होते. त्या उतारावर पुढे ट्रकची ताडपत्री दिसत होती, दादाचा पाय फळीला टेकला होता आणि ती ताडपत्री मोठी होत होती.

दादाने एक शब्दही काढला नाही. स्टिअरिंगजवळचा गिअर खेचून त्याने गाडी तिसऱ्यात आणि मग दुसऱ्यात घातली. इंजिन किंचाळले. आम्ही हँडब्रेक ओढला. मग त्याने डावी बाजू डोंगराकडच्या चरात उतरवली आणि मडगार्ड दगडावर घासत घासत गाडी थांबली. ट्रक वळणाआड गेला. पोर जागेही झाले नव्हते.

मागून वहिनीने विचारले, "पंक्चर का हो?"

दादा म्हणाला, "हो." आणि आम्हीही म्हणालो, "हो, पंक्चरच."

अर्धा तास आम्ही दोघे खाली उतरून, पंक्चर काढल्याचे नाटक करीत, ड्रम निवण्याची वाट पाहत राहिलो. बासरला पोराने तांदळात अक्षर गिरवले. परत येताना दादाने चाळिसाच्या वर काटा नेला नाही. पुढच्या रविवारी त्याने डिस्ट्रिब्युटर आपल्या हाताने मागे फिरवला, जेट पूर्वीचे घातले. हेडचा घासलेला तळ काही परत येणार नव्हता. तेथे त्याने जाड पॅकिंग बसवले. मोटारीत जोर आणण्याची गोष्ट त्या शेडीत पुन्हा निघाली नाही, आणि घाटाची गोष्ट घरात कधीच निघाली नाही. २०११ मध्ये दादा गेला. पद्मिनी त्याआधीच भंगारात निघाली होती.

आता कारण. ते तांदळात अक्षर गिरवणारे पोर आज चाळिशीला आले आहे. हैदराबादेत नोकरी करते आणि सुटीला फोक्सवॅगन पोलो जीटी घेऊन चौपदरी महामार्गाने घरी येते. मागे त्याची आठ वर्षांची मुलगी बसलेली असते. गेल्या महिन्यात त्याने गाडी त्याच शेडीत लावली, डॅशबोर्डखालच्या जोडणीत वायर घातली आणि लॅपटॉप उघडला. आता कानस लागत नाही. टर्बोने किती हवा कोंबायची, किती पेट्रोल सोडायचे, ठिणगी केव्हा टाकायची, याचे तक्ते गाडीतील संगणकात असतात. ते आकडे बदलले की तीच गाडी कितीतरी अधिक जोर देते. "काका, एका बोल्टलाही हात लावावा लागत नाही," तो अभिमानाने म्हणाला. त्याचा चेहरा आणि डोळे मिटण्याची सवय दादाची आहे.

आम्ही आधी कायदा सांगितला. १९८८च्या कायद्याचे कलम ५२, सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, त्याच वर्षीच्या दुरुस्तीतील सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा फेरफारामागे पाच हजारांचा दंड. त्याने आदराने ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण काका, आरसीवर यातलं काही दिसतच नाही."

हे वाक्य आमचेच होते. तेव्हा आम्ही खाटेवर बसलो आणि छत्तीस वर्षे फायलींत जे कधी केले नाही ते केले. घडले तसे सर्व सांगितले. उस्ताद, वास, ताडपत्री, दुसरा गिअर. मागच्या सीटवर कोण होते, तेही. दादाचे खोटे आणि आमचे खोटे वेगवेगळे सांगितले, कारण ज्येष्ठाच्या नावावर आपलेही ढकलणे सोपे असते. पोरगा लॅपटॉपकडे पाहत नव्हता.

वहिनी चहा घेऊन शेडीच्या दाराशी केव्हा येऊन उभ्या राहिल्या, कळले नाही. ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येते असा आमचा समज होता. कप खाली ठेवीत त्या म्हणाल्या, "जळक्या वासाचं पंक्चर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, भावजी. आणि चाक तर तुम्ही काढलंच नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"दोघांचे हात थरथरत होते," त्या म्हणाल्या. "मुलाच्या विद्येचा दिवस. म्हटलं, जाऊ दे."

चहा निवून गेला. पुतण्याने लॅपटॉप मिटला. कायमचा की त्या दिवसापुरता, ते आम्ही विचारले नाही. थोड्या वेळाने त्याने डिकीतून जॅक काढला, पुढचे चाक उतरवले आणि डिस्कची कड बोटाने चाचपून पाहिली. मग म्हणाला, "काका, पॅड पाहता का जरा? मला वाटतं, अर्धे गेलेत." आम्ही चष्मा शोधायला घरात गेलो.