चहा नावाचा, नाश्ता गावाचा

कँटनची मंडळी ‘चहा प्यायला’ म्हणून जातात आणि चहापेक्षा वाफाळत्या चिमुकल्या पदार्थांवरच ताव मारतात. अंबरनाथहून एका स्टेशनावर असलेल्या उल्हासनगरातही रविवारी सकाळी चहा असाच नावापुरता. खरी ओढ दाल-पकवानाची! फुगू नये म्हणून टोचे मारून तळलेले मैद्याचे कुरकुरीत पकवान, मऊ शिजलेली हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची चटणी नि कांदा.

१९४७ नंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी बराकींत उतरले. १९४९ साली या छावणीचे उल्हासनगर झाले. पंजाब-बंगालचा काही भाग तरी इकडे राहिला; सिंध मात्र सबंध पलीकडे गेला. गाव सुटले, न्याहारी सुटली नाही.

आज कित्येक नातवंडांना आजोबांची अरबी वळणाची लिपी वाचता येत नाही. चव मात्र नेमकी कळते. भाषेच्या मास्तराने यावर हसावे की हळहळावे?