जहाजावरून किनाऱ्याला

बर्म्युडाजवळचा समुद्र, सप्टेंबर 1932. विल्यम बीब आणि ओटिस बार्टन पोलादी गोळ्यात बसून खाली चालले आहेत. आत दोघं जेमतेम मावतात, खिडक्या वीतभर. गोळ्यातून टेलिफोनची तार वर जहाजावर येते आणि तिथून बीबचा आवाज रेडिओवरून अमेरिकेत नि ब्रिटनमध्ये घरोघरी पोचतो. चित्र नाही, नुसतं वर्णन. बीबच्या बुड्यांच्या वेळी डेकवर ग्लोरिया हॉलिस्टर कानाला फोन लावून त्याचं बोलणं उतरवून घेत, आणि त्याच्या वर्णनांवरून एल्स बोस्टेलमान चित्रं रंगवत. त्याने सांगितलेल्या काही माशांबद्दल पुढे शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या. घ्यायलाच हव्या होत्या. पण डोळ्यांना दिसतंय तोवर सांगून टाकायचं, हा त्याचा बाणा मला फार मोलाचा वाटतो.

*

मार देल प्लाता या अर्जेंटिनातल्या शहरापासून सुमारे 300 किलोमीटरवर समुद्रतळाशी एक मोठी दरी आहे. ब्राझीलकडून येणारा उबदार प्रवाह आणि दक्षिणेकडचा थंड प्रवाह त्या टापूत भेटतात. 2025च्या जुलै-ऑगस्टमध्ये अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ 'फाल्कोर टू' या जहाजावरून तिथे गेले आणि 'सुबास्तियन' नावाचा रोबो खाली सोडला. तो जे पाहील ते त्याच क्षणी यूट्यूबवर. लाखो लोकांनी पाहिलं, शाळकरी पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत.

मीही रात्री जागून पाहत होते. दिव्याच्या उजेडात वरून सतत बारीक कण झरत असतात, मेलेल्या प्लवकांचा नि विष्ठेचा तो चुरा. तळाशी राहणाऱ्यांचं बहुतेक पोट त्यावरच चालतं. मधूनच ठिपक्यांची जोडी एखाद्या प्रवाळाच्या फांदीवर येऊन थांबते. ते लेझरचे ठिपके. दोघांतलं अंतर ठरलेलं असतं, त्यावरून प्राणी केवढा आहे ते कळतं. एक गुबगुबीत तारामासा दिसला आणि कार्टूनमधल्या पॅट्रिकशी त्याचं साम्य पाहून सगळा देश त्याच्या प्रेमात पडला. मला स्पॅनिश येत नाही, तरी संशोधकांचा हर्ष समजायला अडचण आली नाही. त्या वेळी त्या देशात संशोधनाच्या पैशाला कात्री लागलेली होती. हेच शास्त्रज्ञ नंतर घराघरांत ओळखीचे झाले.

एवढी माणसं का जमली, याचं माझं उत्तर साधं आहे. बोलणारे आपल्या माणसांच्या भाषेत बोलत होते, आणि एखादा प्राणी ओळखता आला नाही तर तसं सरळ सांगत होते.

*

तंत्र फार गूढ नाही. रोबोला बांधलेल्या केबलमध्ये काचतंतू, त्यातून चित्र जहाजावर, जहाज कितीही डोललं तरी उपग्रहाकडे तोंड धरून राहणारी तबकडी, तिथून जमिनीवर. महाग आहे, पण जहाज समुद्रात ठेवण्याचा खर्च तसाही होतच असतो.

*

बिनखर्चाची एक रीत जगभरच्या संशोधन जहाजांवर आहे. शाळेतली मुलं थर्माकोलच्या पेल्यांवर चित्रं काढतात, नावं लिहितात. खोल पाण्याचे नमुने घ्यायला बाटल्यांची चौकट खाली सोडतात, तिला जाळीच्या पिशवीत हे पेले बांधायचे. दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीन-चार हजार मीटर जाऊन आलेला पेला आक्रसून अगदी चिमुकला होतो, चित्रासकट, आणि फुटत नाही. ज्या मुलीने त्यावर आपलं नाव लिहिलं, तिला समुद्राचा दाब पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

*

आपल्याकडे समुद्रशास्त्राचा रोजचा श्रोता म्हणजे मच्छीमार. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या महासागर माहिती केंद्राकडून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचा सल्ला निघतो. उपग्रह पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य मोजतात. जिथे थंड-गरम पाण्याची सीमा पडते नि प्लवक वाढतात, तिथे बांगडा-तारली जमण्याचा संभव जास्त. सल्ल्यात बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली दिलेली असते, मराठीतही. ढग दाटले की उपग्रहाला पाणी दिसत नाही. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सल्लाही थांबतो.

हर्णैच्या बंदरात लिलाव उरकल्यावर एका तांडेलाशी बोलत होते. ते म्हणाले, "दिशा, वाव सगळं देतात, बरं आहे. पण पाणी कसं फिरलंय ते आमाला कोन इचारतो?" पाण्याचा रंग, करंट, कुठल्या महिन्यात जेलीफिश जाळ्यात भरली, हे त्यांना पाठ आहे. मच्छीमारांकडून अभिप्राय घेतले जातात, पण जाणारी वाट रुंद आणि येणारी चिंचोळी आहे. ती रुंद केलीच पाहिजे.

*

26 डिसेंबर 2004च्या त्सुनामीनंतर 2007मध्ये आपलं इशारा केंद्र उभं राहिलं. खोल समुद्रातली उपकरणं पाण्याचा दाब मोजतात आणि वरचे बोये ती माहिती उपग्रहाला देतात. बोयाच्या सावलीला मासळी जमते, म्हणून होड्या तिथे जातात, कुणी दोर बांधतं, आणि उपकरण बिघडतं. त्यात मला दुष्टपणा दिसत नाही. तरंगती वस्तू कशासाठी आहे हे ज्याला कुणी सांगितलं नाही, त्याला ती तरंगती वस्तूच दिसणार. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने मच्छीमारांच्या गावांत जाऊन हे समजावण्याचं काम हाती घेतलं, ते उपकरणाइतकंच महत्त्वाचं आहे.

*

न बोलण्याची किंमतही पाहिलेली आहे. 2009च्या आरंभी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मन संशोधक 'पोलारस्टर्न' जहाजावरून दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' प्रयोगाला निघाले. पाण्यात लोह मिसळलं तर प्लवक वाढून हवेतला कार्बन किती शोषतील, हे पाहायचं होतं. जहाज वाटेत असतानाच जमिनीवर विरोधाचं वादळ उठलं आणि परवानगी अडली. पुन्हा तपासणी होऊन प्रयोग झाला. निष्कर्ष असा की फारसा कार्बन खाली गेला नाही, वाढलेले प्लवक चिमुकल्या प्राण्यांनी फस्त केले. म्हणजे लोह टाकून हवामान सुधारेल या आशेला त्याच प्रयोगाने लगाम घातला. विरोध करणाऱ्यांना हेच उत्तर हवं होतं. लोकांशी बोलणं जहाज सुटण्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

*

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. पाण्याखालचं पठार, वीसेक मीटर खोलीपासून प्रवाळ. आपले संशोधक तिथे बुड्या मारून आलेत. मालवण-देवगडच्या किती मुलांनी तो प्रवाळ पाहिला आहे?

पुढची मोहीम निघेल तेव्हा एक कॅमेरा, एक मालवणी बोलणारा संशोधक आणि प्रश्न विचारायला किनाऱ्यावरच्या चार शाळा, एवढं जमवा. उपग्रहाची जोडणी नसेल तर रोज संध्याकाळी पाच मिनिटांचा आवाज पाठवा. बीबचंही आवाजावर भागलं होतं. आणि किनाऱ्यावरच्या शिक्षकांनो, वाट पाहू नका. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला पत्र लिहा, मुलांचे प्रश्न सोबत जोडा, आणि गावातल्या एखाद्या तांडेलाचे प्रश्नही त्यात घाला.